पडलेला उंदीर मोजायचा नाही

१

मोठे सर गच्चीवरून पडून गेले त्याला तीन दिवस झाले होते, आणि तरी एक साधा प्रश्न कुणाला सुटत नव्हता. ज्या माणसाची स्टुलावर चढून बल्ब बदलायची छाती नव्हती, तो कठडा नसलेल्या गच्चीच्या टोकापर्यंत गेलाच कसा? प्रश्न अवघड असला की लोक सोपं उत्तर शोधतात. इथेही तसंच झालं होतं. सरांनी जीव दिला, संपलं.

हे सोपं उत्तर इन्स्पेक्टर बाईंच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडलं होतं. उद्या सकाळी सही करा आणि प्रकरण मिटवा, असा वरून निरोप होता. सही अडली होती ती समोर बसलेल्या मुलीमुळे. सरांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात जाणारी, रडून रडून डोळे सुजलेले.

"मीच मारलं त्यांना," मुलगी म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला डोंगर चढायच्या शिबिराला जायचं होतं. बाबा नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही भित्रट आहात, मलाही भित्रट करून ठेवणार. त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. डबा उचलला आणि गेले. आणि दुपारी..." मग एकदम बाईंचा हात धरून ती म्हणाली, "ते माझ्यामुळे वर गेले का, एवढंच मला सांगा. आई म्हणते नाही. पण आई काय, ती असंच म्हणणार."

बाईंना स्वतःचा पहिलीतला मुलगा होता. शाळेची बस जरा उशिरा आली तरी त्या फोनवर फोन लावायच्या. हे ओझं घेऊन या पोरीने सगळं आयुष्य काढायचं, ही कल्पना त्यांना सोसेना. "सही मी इतक्यात करत नाही," त्या म्हणाल्या. "आधी तिथे जाऊन येते." म्हणाल्या खऱ्या, पण खुर्चीवरून लगेच उठल्या मात्र नाहीत.

इथे बाईंची एक खाजगी गोष्ट सांगून टाकायला हवी. चोर, गुंड, दारुडे यांच्या अंगावर बाई खुशाल धावून जायच्या. पण उंदीर नुसता दिसला तरी त्यांची बोबडी वळायची. घरात एकदा कपाटाखाली खुडबुड झाली तर बाई नवऱ्याच्या आधी पलंगावर चढल्या होत्या आणि सकाळपर्यंत उतरल्या नव्हत्या. आणि मोठे सर ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथे सगळं काम उंदरांवर चालायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हा असा.

२

उंदरांच्या खोलीत दुपारीही अंधार होता. फक्त एक लाल दिवा. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून त्यांची रात्र माणसांच्या दिवसात आणून ठेवलेली. भिंतीला लागून पिंजऱ्यांच्या रांगा, आणि त्यातून शेकडो पायांची बारीक खसखस. बाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"या ना मॅडम, चावत नाहीत ते," पीएचडी करणारी मुलगी म्हणाली. जाड भिंगांमुळे तिला सगळे चष्मिस म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

"मी इथूनच बघते. काम दाखवा."

खोलीच्या मध्यभागी कमरेएवढ्या उंचीवर लाकडाची मोठी फुली होती. तिच्या दोन हातांना भिंती होत्या, दोन उघडे होते. चष्मिसने एक पांढरा उंदीर धरला, पिवळ्या बाटलीतलं औषध त्याच्या तोंडात सोडलं, औषध चढायची वेळ लावायला गळ्यातलं घड्याळ टक् करून दाबलं आणि त्याला पिंजऱ्यात ठेवलं. मग आधीच औषध दिलेला दुसरा उचलून फुलीवर सोडला. भ्यालेला उंदीर भिंतींच्या आडोशाला बसतो, ती सांगू लागली. औषध लागू पडलं की तो उघड्यावर फिरतो. जितका उघड्यावर, तितकी भीती कमी.

"आणि उंदरावरून माणसाचं कसं कळतं?"

"भीती दोघांची एकाच जातीची असते, असं आम्ही धरून चालतो. कधी कधी चुकतोही."

"हे पिवळ्या बाटलीत औषध आहे?"

"ते मला माहीत नसतं. निळी आणि पिवळी, एकीत औषध, एकीत साधं पाणी. माहीत असलं की डोळा फितूर होतो, हवं तेच बघतो. फक्त मोठे सर आणि त्यांच्या हाताखालचे छोटे सर, दोघांनाच माहीत. पण अंदाज येतोच हो. पिवळ्याचे उंदीर इतके बिनधास्त की उघड्यावरून सरळ चालत जाऊन खाली पडायचे."

"पडायचे?"

"ते मोजायचे नसतात," ती पटकन म्हणाली. "पडलेला उंदीर बाद. पाय घसरला असेल, धक्का लागला असेल. हा नियम सगळीकडेच असतो. मोठे सर गेले त्याच्या आदल्या दिवशी त्याच्यावरूनच माझ्यावर ओरडले. पडले ते सगळे एकाच बाटलीचे होते का, म्हणून विचारत होते. मी कुठे टिपलंय? मग त्यांनी औषधाच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. पुढच्या आठवड्यात हे औषध माणसांना द्यायचं ठरलं होतं. म्हणाले, आता कुणाही माणसाला द्यायचं नाही."

"म्हणजे तुमची पीएचडी गेली."

"माझीच काय? सगळ्यांचंच गेलं असतं." तिचा आवाज चिरकला. "छोट्या सरांची सगळी उमेद यात गेलीय. पिंजरेवाल्या काकांची नोकरी. पण म्हणून आम्ही काय..."

ती फुलीकडे वळली. फुलीवरचा उंदीर भिंतींच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता. एक पाऊल पुढे टाकायला तयार नव्हता.

"हा पिवळ्याचा ना?" बाईंनी विचारलं. "मग हा का घाबरलाय?"

"सर गेले त्या दिवसापासून पिवळ्याचे सगळे असेच बसतात, मॅडम. त्या सकाळपासून."

बाईंच्या अगदी कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "जनावराला कळतं, बाई. ते कसे गेले, ते त्यांना माहितीये."

बाई गर्रकन वळल्या.

३

कुजबुजणारे पिंजरेवाले काका होते. दाराबाहेरून आत आले होते, हातात दाण्याचं घमेलं. बाईंनी त्यांना ओढतच व्हरांड्यात आणलं, निम्मी घाई चौकशीची आणि निम्मी उंदरांपासून सुटायची.

"तुम्ही होतात त्या दिवशी?"

"नव्हतो, तेच तर चुकलं. सून बाळंत झाली, म्हणून आठवडाभर सुट्टीवर होतो. खोली गार ठेवायचं मशीन वर गच्चीच्या टोकाला आहे. ते बंद पडलं की मी जायचो. उंदरांना उकाडा सोसत नाही, पटापट मरतात. मी नव्हतो म्हणून सर गेले असणार. जनावरावर जीव होता त्यांचा."

"मशीन बिघडलं होतं?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "नाही. सर गेल्याचं कळलं तसा मी धावत आलो, तर व्हरांड्यातलं बटणच बंद. कुणीतरी मुद्दाम केलेलं. हे बघा, इथे. येता-जाता कुणाचाही हात पोहोचेल. इथेच या टेबलावर सरांचा चहाचा थर्मासही असायचा. घरचाच चहा लागायचा त्यांना."

बाईंनी वाकून बटणाकडे बघितलं. म्हणजे सरांना वर बोलावलं होतं. पण वर तर त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. समोरच्या इमारतीत खिडकीशी बसून शिवणकाम करणाऱ्या बाईने सगळं बघितलं होतं आणि तिचा जबाब बाईंना पाठ झाला होता. 'ते एकटेच होते. अंगणात फिरावं तसे फिरत होते. मशीनकडे बघत, चष्मा पुसत मागे आले, आणि जिथे जमीनच नाही तिथे निवांतपणे पाय ठेवला. दचकलेसुद्धा नाहीत.'

चष्मिस त्या वेळी लाल खोलीत एकटी होती. काका सुनेजवळ दवाखान्यात होते. छोटे सर भरल्या वर्गापुढे शिकवत होते. आता हात न लावता माणूस कसा ढकलायचा? बाईंनी बराच वेळ डोकं खाजवलं, आणि मग छोट्या सरांच्या दारावर टकटक केलं.

४

छोटे सर माणूस मोठा गोड. बाईंना बसायला खुर्ची पुसून दिली, स्वतः किटली लावली, चहा केला. उंदरांच्या खोलीतून आल्यापासून बाई सारख्या खुर्चीखाली बघत होत्या, ते त्यांनी लगेच हेरलं.

"घाबरलात का? त्यात लाज कसली? अहो, भीतीवरच आमचं पोट चालतं." ते मोकळेपणाने हसले. "माझी आई घराबाहेर पडू शकायची नाही. उंबऱ्याशी आली की घामाने भिजायची. माझ्या लग्नालाही आली नाही. अशी किती माणसं असतील! त्यांच्यासाठी हे औषध आहे. घ्या, गार होतोय."

बाईंनी कप तोंडाला लावला. चहा कडक होता आणि किंचित कडू. कुठेतरी टक् झालं. छोटे सर सांगत राहिले. मोठे सर अलीकडे उदास असायचे, घरी मुलीशी पटत नव्हतं, असं व्हायला नको होतं. आवाज इतका मऊ होता की बाईंना बरं वाटू लागलं. सकाळपासूनची धास्ती हळूहळू विरघळली. मग छोट्या सरांच्या गळ्यातलं घड्याळ किणकिणलं. त्यांनी ते बोटाने बंद केलं.

"माझ्या तासाची वेळ झाली. मुलं खोळंबली असतील. तुम्हाला गच्ची बघायची असेल ना? खुशाल बघून या. दार उघडंच आहे."

जिन्याकडची वाट उंदरांच्या खोलीवरून जात होती. दार उघडं होतं, आणि उंबऱ्यात एक पांढरा उंदीर येऊन बसला होता, पिंजऱ्यातून निसटलेला. बाईंनी वाकून त्याला उचललं. ऊबदार होता, छातीत टुकटुक चाललेली. चष्मिसच्या हातात देऊन बाई पुढे निघाल्या.

"मॅडम!" चष्मिस मागून आश्चर्याने म्हणाली. "तुम्हाला तर भीती वाटत होती ना?"

"नाही वाटत," बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

५

गच्चीवर छान वारा होता. मशीन समोर घरघरत होतं, त्याच्या पलीकडे उघडं टोक, आणि खाली रस्त्यावर खेळण्यातल्यासारख्या गाड्या. बाई रमतगमत निघाल्या. किती दिवसांनी डोकं असं हलकं झालं होतं! उन्हं कलली होती. शाळा सुटायची वेळ. बसमधून उतरणारा त्यांचा मुलगा त्यांना आठवला. आज त्याला घ्यायला कुणी गेलं असेल का? नसेलही गेलं. मोठा रस्ता आहे, गाड्या भरधाव येतात. बरं, येऊ देत की.

पाय चालतच होते. टोक जवळ आलं होतं.

येऊ देत की?

हे मी म्हटलं? बाईंनी स्वतःला विचारलं. हाही विचार काही घाबरून नव्हे, एखादं गणित जुळत नाही म्हणून पुन्हा मांडावं तसा. माझा मुलगा भररस्त्यात आणि मला काहीच वाटत नाही? मघाशी मी उंदीर उचलला. मी! आणि आज पिवळ्या बाटलीचे उंदीर कोपऱ्यात थरथरताहेत. सर गेले त्या सकाळपासून. ते दुःख नव्हे, उंदरांना कसलं आलंय दुःख? त्यांना औषध मिळालंच नाही. कपाटाला कुलूप होतं, म्हणून कुणीतरी बाटलीतलं औषध काढून तिच्यात पाणी भरलं. मग ते औषध गेलं कुणाच्या पोटात? सरांच्या. थर्मासमधून. आणि आज?

मी कप तोंडाला लावला तेव्हा टक् झालं होतं. चष्मिसने उंदराच्या तोंडात औषध घातलं तेव्हाही टक् झालं होतं. तासाला जायचं घड्याळ चहाच्या पहिल्या घोटाला कशाला लावावं लागतं?

सगळं लख्ख कळलं, आणि तरीही भीती वाटेना. हे सर्वांत भयंकर होतं. बाईंना मरण दोन पावलांवर दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. पायांना पुढेच जायचं होतं, वारा बघायला, खालच्या गाड्या बघायला. मी घाबरायला हवं, त्या स्वतःला सांगत होत्या. घाबर. घाबर ना गं! पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घाबरायला होईना, तेव्हा बाईंनी भ्यालेल्या बाईने जे केलं असतं ते निव्वळ आठवून आठवून केलं. कमरेच्या बेड्या काढल्या, एक कडी मनगटात, दुसरी मशीनच्या लोखंडी पायाला. खटका बसला. किल्ली मात्र अजून हातात होती, आणि हात ती कुलपाकडे नेऊ लागला होता. एवढी सुंदर संध्याकाळ, बांधून कशाला घ्यायचं?

बाईंनी किल्ली टोकावरून खाली फेकून दिली.

६

खाली जीपला टेकून बाईंचे हवालदार उभे होते. किल्ली त्यांच्या टोपीवर आदळली. त्यांनी वर बघितलं, पाचावर धारण बसली, आणि पोट सांभाळत ते जिने चढून आले.

"बाई, हे काय करून घेतलंत?"

"तुम्ही आधी फोन लावा. माझा मुलगा घरी पोचला का विचारा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मला काळजी वाटत नाहीये, म्हणून विचारतेय. मग माझा कप ताब्यात घ्या, डॉक्टरला बोलवा, माझं रक्त काढा. आणि छोट्या सरांना वर्गातून उठवा. मी सांगेपर्यंत बेडी काढायची नाही, मी कितीही गोड बोलले तरी."

मुलगा घरी पोचला होता. बाईंनी पुढे खूप गोड बोलून बघितलं. हवालदार बधले नाहीत, मात्र त्यांनी रामरक्षा दोनदा म्हटली. अंधार पडायच्या सुमारास औषध उतरलं, बाईंना खालचा रस्ता दिसला, आणि त्या मशीनला मिठी मारून लहान पोरीसारख्या किंचाळल्या. तेव्हा कुठे बेडी काढली. दोन माणसांनी धरून त्यांना खाली आणलं.

छोटे सर पोलीस ठाण्यात बसून होते. कपात आणि बाईंच्या रक्तात औषध सापडलं होतं, आणि आता सरांच्या रक्तात काय शोधायचं हे डॉक्टरांना कळलं होतं.

"घड्याळ का दाबलंत?" बाईंनी विचारलं.

छोट्या सरांनी गळ्याशी हात नेला. घड्याळ काढून घेतलेलं होतं. "दाबलं का मी?" ते खरोखरच चकित झाले होते. "सवय हो. डोस दिला की हात आपोआप जातो."

"चष्मिसचं घड्याळही तसंच वाजलं. पण औषध कुठल्या बाटलीत हे तिला सांगितलेलं नाही. बाटलीत पाणी तिने भरलं असतं, तर उंदीर कधीपासून घाबरले हे तिने मला आपण होऊन कशाला सांगितलं असतं? काका त्या आठवड्यात इथे नव्हतेच. उरलात तुम्ही. थर्मासमध्ये औषध घातलंत, जाता-जाता बटण बंद केलंत. आणि दोन्ही वेळेला तुम्ही भरल्या वर्गात."

"मी कुणाला हातही लावला नाही."

"उंदरांनाही लावला नव्हतात. ते आपले आपण पडायचे."

"थोडे पडतात," छोटे सर कळवळून म्हणाले. "प्रत्येक औषधात थोडे पडतात, मॅडम! बाकीच्यांचं बघा ना. माझी आई..."

बाई उठून बाहेर गेल्या.

सकाळी मुलगी आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकून घेत होती, पण चेहरा सैल होत नव्हता.

"तुझ्या बोलण्यामुळे ते वर गेले नाहीत," बाई म्हणाल्या. "उंदरांना उकाडा होईल म्हणून गेले."

"मग तिथे टोकाशी... माझी आठवणसुद्धा आली नाही त्यांना?"

एखादं गोड खोटं सांगता आलं असतं. बाईंच्या ओठांवरही आलं होतं. पण हिला खरंच हवंय, हे त्यांना दिसत होतं.

"आली असेल. मला माझ्या मुलाची आली. त्याचं तोंड डोळ्यांपुढे होतं आणि मी पाय उचलला. आठवण होती, काळजी नव्हती. ती चहातून काढून घेतली होती. तुझ्या बाबांचीही. शिबिराला नाही म्हणाले ना ते, ती त्यांची काळजी होती. ती जागेवर असती, तर ते पहिल्याच पायरीवरून मागे फिरले असते."

"माझ्यासाठी?"

"आणखी कुणासाठी, बाळ?"

मुलीने मान खाली घातली. तीन दिवस ती गुन्हेगारासारखी रडत होती. आज पहिल्यांदा बाप गेलेल्या मुलीसारखी रडली, आणि बाईंनी तिला रडू दिलं.